मामांचा पॅसिव्ह व्हॉइस

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कधीच काही केलं नाही. त्यांच्याकडून सगळं केलं गेलं. हे मी जावयाच्या तक्रारीच्या सुरात सांगत नाही, कारण त्यांच्याइतका राबणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पण राबून झाल्यावर 'हे मी केलं' असं म्हणायची वेळ आली की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. सकाळी त्यांची अंघोळ उरकण्यात यायची, दाढी केली जायची, सायकल पुसली जायची, आणि ठरल्या वेळी ऑफिसकडे प्रस्थान ठेवण्यात यायचं. एकदा खड्ड्यात सायकल जाऊन गुडघे फोडून घेतले आणि लंगडत घरी आले, तेव्हा दारातूनच त्यांनी सगळ्यांना धीर दिला, "घाबरू नका! किरकोळ पडलं गेलंय!" सासूबाई हळदीची वाटी घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पडलं गेलंय म्हणं! अवो, सायकलीवर कोण होतं मग?" मामा गुडघ्यावर फुंकर घालत म्हणाले, "त्याची नोंद आवश्यक नाही."

सासऱ्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात, म्हणून इथंही मामाच म्हणतो. कुणाला गाण्याचं वेड असतं, कुणाला कबुतरांचं. मामांना वेड होतं इंग्रजीतल्या पॅसिव्ह व्हॉइसचं. शाळेत तो आपण सगळेच शिकतो. कर्म उचलून पुढं आणायचं, कर्ता ढकलून मागं न्यायचा, मध्ये 'इज', 'वॉज', 'हॅज बीन' यातलं बसेल ते बसवायचं, परीक्षेत मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं. मामा विसरले नाहीत. उलट त्यांचं म्हणणं असं की इंग्रजांनी या देशात रेल्वे आणली, तार आणली, ते सगळं ठीक आहे, पण खरी आणण्यासारखी वस्तू त्यांनी ही एकच आणली. मराठीतल्या कर्मणी प्रयोगावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. "आपला कर्मणी अर्धवट हो," ते म्हणायचे. "'रामाने आंबा खाल्ला.' कर्त्याला 'ने' लावून दारातच उभा करून ठेवलाय! इंग्रजी त्याला सरळ घरी पाठवतं. 'द मँगो वॉज ईटन.' आंबा खाल्ला गेला. संपला विषय. राम बिचारा मोकळा!"

त्यांची माझी पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची. लातूरचा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि गावाच्या अंगात वारं भरलं होतं. पेंटर लोकांना जेवायला सवड नव्हती. जो तो आपल्या पाटीवर 'जिल्हा' हा शब्द बसवून घेत होता. ऑफिसं झाली होती, पण त्यांना इमारती नव्हत्या. मामा ज्या खात्यात होते ते भाड्याच्या घरात भरत होतं. ते खातं कोणतं, हे मी सांगणार नाही. मामांनाही ते आवडलं नसतं. तिथले बडे साहेब माजघरात बसत, आणि आवक-जावकचा कारकून स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्यावर टपालाचे गठ्ठे मांडून. जुन्या जिल्ह्यातून ट्रकने फायली येत होत्या आणि न्हाणीत उतरवल्या जात होत्या. अशा त्या सगळ्या धांदलीत मामा घरी आले ते धावतच. मी आणि माझे वडील चटईवर बसलो होतो, समोर बुद्धाची तसबीर होती, सुमन नुकतीच पोह्यांच्या बश्या ठेवून आत गेली होती. मामांनी चपला काढल्या, "जयभीम, जयभीम" केलं, आणि माझा पगार नाही, शिक्षण नाही, काहीएक न विचारता म्हणाले, "आज दिल्लीला पत्र गेलं! पूर्ण पानभर! आणि अख्ख्या पत्रात एकही माणूस नाही!"

माझे वडील चाकूरकडचे शेतकरी. त्यांना वाटलं, काहीतरी वाईट झालंय. ते घाबरून म्हणाले, "कामून? कुठं गेले सगळे?"

मामा हसले, आणि माझ्याकडे वळले. मी किनवटच्या एका आश्रमशाळेत गणित शिकवत होतो, पण मास्तर म्हणजे मास्तर, त्याला सगळं यायला हवं अशी त्यांची समजूत. "गुरुजी, एक छोटंसं वाक्य. 'समबडी हॅज ब्रोकन द कप.' करा पॅसिव्ह." मुलगी बघायला गेलेल्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी कप नसतो. तरी मी आठवून आठवून म्हणालो, "द कप हॅज बीन ब्रोकन बाय समबडी." मामांचा चेहरा असा पडला की जणू कप मीच फोडला. "बाय समबडी!" ते कळवळून म्हणाले. "अहो, त्या समबडीलाच तर वाचवायचं होतं!" आतून सुमन फिसकन हसलेली मला ऐकू आली. मला तेव्हाच कळलं की लग्न झालं तर या घरात आपलं बरं चालेल, आणि नाही झालं तर ते एका 'बाय'पायी मोडलेलं असेल.

लग्न ठरल्याचं मामांचं पोस्टकार्ड वडिलांना आलं. मजकूर असा: 'कळविण्यात आनंद होतो की, आपल्या चिरंजीवांची निवड करण्यात आली आहे.' वडिलांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "कोण निवडलं पन? पोरीनं का बापानं?" मी सांगितलं, हे त्यात येत नाही. वडील म्हणाले, "येत न्हाई म्हंजे? मग आपुन कुनाला हाव म्हनायचं?" शेवटी त्यांनी एस.टी.नं लातूर गाठलं आणि सुमनच्याच तोंडून ऐकून आले.

लग्नानंतर मला मामांचं घर आतून दिसू लागलं. त्या घरात कुणालाच रागावलं जात नसे. रागावणार कसं? रागावायला 'तू' लागतो, आणि 'तू' म्हणजे कर्ता. भाजी खारट झाली तर मामा पहिला घास गिळून म्हणत, "मीठ किंचित जास्त पडलेलं दिसून येतं." सासूबाई चौथी शिकलेल्या, बोलायला रोखठोक, पण हे वाक्य ऐकून त्यासुद्धा गप्प बसत, कारण भांडायला समोर कुणी नसे. माझा धाकटा मेहुणा दहावीत गणितात गेला. शेजारच्या घरात त्याच दिवशी त्याच कारणानं चपलेचा आवाज येत होता. मामा मुलाजवळ जाऊन बसले, बराच वेळ त्याची पाठ थोपटत राहिले आणि म्हणाले, "मार्क कमी पडल्याचं निदर्शनास आलंय. ऑक्टोबरमध्ये पूर्तता करण्यात येईल." पोरगं रडायचं थांबून हसलं, आणि ऑक्टोबरात पूर्तता झालीसुद्धा.

ऑफिसात मात्र हे नुसतं वेड नव्हतं, तिथं ते शास्त्र होतं. दिल्लीला, रेल्वेला, हिशेब तपासणाऱ्यांना जी इंग्रजी पत्रं जात, त्यांचे मसुदे मामांच्या टेबलावर होत. 'इट इज रिक्वेस्टेड' आणि 'इट इज डायरेक्टेड' यांच्यामधला फरक ते हातवारे करून समजावत. पहिल्याला दोन्ही हात जोडल्यासारखे पुढं, दुसऱ्याला एक बोट वर. 'इट हॅज बीन ऑब्झर्व्हड' म्हणताना भुवई उडायची. नवी भरती झालेली मुलं-मुली त्यांच्याभोवती जमत आणि मामा वाक्यं अशी उलटून दाखवत, जशी जत्रेतला माणूस थाळी बोटावर फिरवतो. नव्याने आलेले साहेब तरुण होते, कामाचे होते, त्यांना घाई होती. त्यांनी एकदा स्वतःच लिहून दिलं, 'आय वाँट धिस रिपोर्ट बाय मंडे.' मामा तो कागद दोन बोटांत धरून आत गेले. हा प्रसंग त्यांनी मला इतक्यांदा सांगितलाय की मी तिथं हजर होतो असंच मला वाटतं.

"साहेब, 'इट इज डिझायर्ड दॅट' करतो."

"का? मला हवाय तो रिपोर्ट. मलाच हवाय."

"साहेब, तुमची बदली होणार. आज न्हाई तर उद्या. कागद इथंच ऱ्हाणार. कागदात 'आय' असला तर तुमच्या बदलीसोबत त्याचाबी जीव जातो. 'आय' काढला तर खुर्चीत कुणीबी बसू द्या, काम चालू. ऑफिस ह्येच्यावरच उभं असतं, साहेब. माणूस येतो, जातो."

साहेब म्हणाले, "करा डिझायर्ड." मामा त्या दिवशी घरी येताना पेढे घेऊन आले. सासूबाईंनी विचारलं, "कशाचे?" तर म्हणाले, "एक 'आय' वाचला!"

हे वेड कुठून लागलं, हे मला फार उशिरा कळलं. एका संध्याकाळी आम्ही दोघं गंजगोलाईकडे भाजी आणायला चालत निघालो होतो. मी सहज म्हणालो, "मामा, माणूसच नसलेलं वाक्य तुम्हाला एवढं का आवडतं हो? मला तर ते ओसाड वाटतं." मामा चालता चालता थांबले. घरी ते बरंचसं ऑफिसी बोलत, पण जुनं काही आठवलं की त्यांची भाषा गावाकडं वळायची.

"आमच्या गावच्या शाळेत पाण्याचा रांजण होता," ते म्हणाले. "निजामाचं राज्य. आमी वर्गाच्या बाहेर बसायचो. पाणी वरनं वतायचे, तेबी कुणाला सवड असली तर. एक दिवस लई तहान लागली. आजूबाजूला कुणी न्हाई. मी गेलो, डुबवला गिलास, प्यालो, येऊन जाग्यावर बसलो. मास्तर आले. त्यांना भुईवर ओल दिसली. पयला सवाल काय? 'कोण पिलं?' आता बघा जावईबापू, पाणी पिणं काय गुन्हा नव्हता. समदी पोरं पीत होती. 'कोण', ह्यो गुन्हा होता." त्यांनी पुढचं सांगितलं नाही, मनगटाजवळ एक जुना वण होता, तो नुसता चोळला. मग म्हणाले, "पुढं नांदेडच्या बोर्डिंगात आलो. तिथं इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर लिहिलं, 'द वॉटर हॅज बीन ड्रंक.' माझं काळीज लकलक करायलं. मी उभा राहिलो. म्हणलं, 'सर, बाय हूम?' सरांनी मागंसुद्धा बघितलं न्हाई. म्हणाले, 'नॉट नेसेसरी. सिट डाउन.'"

आणि मग भर गोलाईत, कणसं भाजणाऱ्या बाईच्या गाड्यापुढं, मामांनी दोन्ही हात वर केले. "नॉट नेसेसरी! आवश्यक न्हाई! पाणी पिलं गेलं, फुलस्टॉप! वाक्य पुरं! त्याच्यापुढं सवालच न्हाई! अशी भाषा जगात हाय, ह्येच मला ठावं नव्हतं!" कणसंवाली हातातला पंखा थांबवून बघत राहिली. एक टांगेवाला थांबला. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. मी त्यानंतर त्या वाक्यांना कधी ओसाड म्हटलं नाही.

पुढं काही वर्षांनी दुष्काळ पडला. लातूरकरांना पाण्याची टंचाई नवी नव्हती, पण ते साल वेगळंच होतं. गल्लीगल्लीत घागरींच्या रांगा लागत आणि घागरीच्या जागेवरून माणसांची भांडणं होत. खेड्यांतून अर्ज येत होते, टँकर पाठवा, टँकर पाठवा. मामांच्या खात्याकडेही त्यातलं काम आलं आणि मराठी असो की इंग्रजी, मसुद्यांचं टेबल मामांचंच. आमच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी आणि सुमन लातूरला आलो. एका दुपारी मामा डबा विसरले. म्हणजे डबा घरी राहिला गेला. तो घेऊन मी ऑफिसात गेलो आणि त्यांच्या टेबलापाशी बाकावर बसलो, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

बायकांचा एक घोळका आत शिरला. उन्हानं रापलेल्या, काखेत रिकाम्या घागरी. पुढं एक उंच, काटक म्हातारी होती. तिच्या हातात ऑफिसातून गेलेलं उत्तर होतं, आणि ते मामांनीच लिहिलेलं होतं. तिनं कागद टेबलावर ठेवला. "वाचून दावा, सायेब."

मामांनी चष्मा लावला आणि आपलंच लिखाण जरा कौतुकानंच वाचलं. "'आपला अर्ज प्राप्त झाला असून, त्याबाबत उचित कार्यवाही करण्यात येत आहे. पाणीपुरवठा करण्यात येईल.' मावशी, झालं की मग. करण्यात येईल असं लिहिलंय."

"कोण करनार?"

"करण्यात येईल, मावशी."

"हाव, पन कोण? त्याचं नाव सांगा. म्या त्याच्या दारात जाऊन बसते."

"असं नाव नसतं, मावशी. कागदात नाव नसतं."

म्हातारी आवाज न चढवता म्हणाली, "टँकर गावात येतो, बाबा. गावातल्या हिरीत वततात. आमची वस्ती वड्याच्या पल्याड. आमी हिरीवर गेलो तर म्हंतेत, आदी आमचं होऊ द्या. आमचा नंबर येस्तवर नुस्ता चिखल. डायव्हरला म्हनलं, वस्तीवर चल. त्यो म्हंतो, मला हुकूम न्हाई. हुकूम कुनाचा, तर म्हंतो ठावं न्हाई. सरपंच म्हंतो, हापिसानं केलंय. हापिसात तुमी म्हंता, नाव नसतं. मग आमाला तहान लावतंय तरी कोण?"

मामांनी चष्मा काढला. कागद उचलून त्यांनी पुन्हा वाचला, या वेळी कौतुकानं नाही. मला वाटतं, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपलं वाक्य दुसऱ्या बाजूनं पाहिलं. साहेब बैठकीसाठी बाहेरगावी गेले होते. त्यांच्या हाताखालचे अधिकारी म्हणाले, "भाऊसाहेब, साहेब आल्यावर बघू. बसवा त्यांना." मामा उठले. खिडकीतून अंगणात बघितलं. भरलेला टँकर उभा होता, त्याच गावाला निघालेला, आणि ड्रायव्हर चाकाला लाथ मारून हवा बघत होता. मामा तरातरा खाली उतरले. मी डबा हातात घेऊन त्यांच्या मागं.

"हा टँकर वस्तीवर न्यायचा," मामा म्हणाले.

ड्रायव्हर भला माणूस होता, पण नोकरी त्यालाही होती. "नेतो की. पन लेखी द्या. उद्या मला कुणी इचारलं, तर मी कुनाच्या सांगन्यावरनं गेलो म्हनू?"

मामांनी टँकरच्या बॉनेटवर कागद ठेवला. पेन टेकवलं आणि तिथंच थांबले. मी जवळ उभा होतो. 'टँकर वस्तीकडे वळविण्यात येत आहे' हे वाक्य त्यांच्या हातातून झोपेतसुद्धा उतरलं असतं. बायका रिकाम्या घागरी घेऊन गोल उभ्या होत्या. मामांनी घाम पुसला आणि लिहिलं: 'मी हा टँकर वस्तीवर नेत आहे. जबाबदारी माझी.' खाली पूर्ण नाव, हुद्दा. ड्रायव्हरनं वाचलं आणि मान डोलावली. "ह्ये बरं लिवलंत. कळतंय." मग मामा कुणी काही म्हणायच्या आत केबिनमध्ये चढले आणि वरून मला म्हणाले, "जावईबापू, बघताय काय? चढा!"

त्या प्रवासाची मजा मी कधी विसरणार नाही. पांढरा शर्ट, वरच्या खिशाला पेन, मांडीवर मी दिलेला डबा, आणि खिडकीच्या दांडीला घट्ट धरून बसलेले मामा! म्हातारी आमच्या शेजारी बसली होती. बाकीच्या बायका एस.टी.नं निघाल्या होत्या. रस्ता संपला आणि ओढ्याचं कोरडं पात्र आलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "रुतंल." मामा खाली उतरले, पुढं चालत गेले, पाय आपटून आपटून जमीन बघितली आणि पोलिसासारखे हात करून टँकर पार करवला. वस्तीवरच्या लोकांना आधी वाटलं, वाट चुकून आलाय. मग एकदम पळापळ झाली. पिंप, टोपल्यात ठेवलेली पातेली, दुधाच्या किटल्या, एकाने तर लग्नातला मोठा हंडा काढून आणला. पाण्याचा पाइप सुटला आणि पोरं ओरडली. मामाही ओरडत होते, "सांडू नका! नीट धरा! अरे, कोपऱ्यातलं पिंप राहिलं!" सगळी वाक्यं सरळ, कुणाला तरी उद्देशून. त्यांच्या लक्षातही नव्हतं.

एका झोपडीपुढं बाजेवर एक आजोबा बसले होते. त्यांना दिसत नव्हतं. गलका ऐकून त्यांनी विचारलं, "कोण आनलं रं पानी?"

मामा जवळच होते. सवयीनं म्हणाले, "आजोबा, पाणी आणलं गे..." आणि अडकले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्या आणलं." एवढ्यावर न थांबता त्यांनी आपलं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. आजोबांनी हवेत हात फिरवला, मामांचा हात सापडला, तो धरला आणि म्हणाले, "बरं केलास बाबा." ऑफिसात भाऊसाहेब आणि घरात मामा असलेल्या त्या माणसाला इतक्या वर्षांत कुणी 'बरं केलास' म्हटलं नसेल. म्हातारीनं तांब्याभर पाणी आणून दिलं. मामा तांब्या वर धरून घटाघटा प्यायले, शर्ट भिजला.

परतताना ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "लई हलकं वाक्य हो हे! 'मी नेत आहे.' फेकल्यासारखं निघून जातं! काही जुळवायलाच लागत न्हाई!" आणि लगेच चेहरा बारीक करून, "पण आता निदर्शनास येणार."

निदर्शनास आलं. साहेब परतले त्याच दिवशी मामांच्या टेबलावर मेमो आला, तोही इंग्रजीत. मामा तो घरी घेऊन आले. सुमन रडवेली झाली, सासूबाईंनी चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं. मामा मात्र चष्मा लावून मोठ्यानं वाचत होते, "'इट हॅज बीन ऑब्झर्व्हड दॅट अ टँकर वॉज डायव्हर्टेड विदाउट अथॉरिटी. एक्सप्लनेशन इज हिअरबाय कॉल्ड फॉर.' वा! काय ड्राफ्ट आहे! कुठंही जोड दिसत नाही! हे त्या नव्या मुलीचं काम. मीच शिकवलंय तिला!" सासूबाई पदर खोचून म्हणाल्या, "अवो, नोकरी जायची येळ आलीय आन् तुमी जोड बघायलाव?" मामांनी उत्तर मात्र तीनच शब्दांचं लिहिलं, 'आय टुक इट', मग तिनात त्यांना उद्धटपणा वाटला म्हणून पुढं 'सर' घातलं, शब्द मोजून चौथा मान्य केला आणि ते पाकिटात घातलं.

साहेबांनी आत बोलावलं. ते चिडलेले होते, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. उद्या प्रत्येक जण टँकरवर चढून बसला तर कसं चालायचं? पण त्यांनी ते उत्तर समोर ठेवलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही 'आय' लिहिलंत?" मामा म्हणाले, "हो साहेब. या वेळी खुर्चीनं नेला नव्हता." पुढच्याच आदेशात त्या वस्तीचं नाव गावापासून स्वतंत्र लिहून आलं आणि उन्हाळा संपेपर्यंत टँकर ओढ्यापलीकडे जात राहिला. मामांची नोकरी राहिली, पण मसुद्यांचं टेबल गेलं. त्यांना जुन्या कागदांच्या खोलीत बसवण्यात आलं, जिथं काही लिहायचं नसतं, फक्त सांभाळायचं असतं. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच होते. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "टेबल बदलण्यात आलंय." सासूबाईंनी विचारलं, "कोण बदललं?" मामा पायजम्याची नाडी बांधत म्हणाले, "नॉट नेसेसरी." त्या हसल्या नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी मामांच्या आवडीचं वरणफळ केलं आणि मामा ताटावर बसून नेहमीपेक्षा जास्त बोलले. दुःख झालं असेलच. नवी मुलगी मसुदे घेऊन त्या खोलीत विचारायला येते, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा, एवढं आठवतं.

सासूबाई गेल्या त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मामा तेव्हा आमच्याकडे किनवटला येऊन राहिले. त्यांनी बोलणं कमी केलं. हिवाळ्यात सकाळी अंगणात ऊन यायचं, सागाची वाळलेली पानं आवाज करत खाली पडायची, आणि ते शाल गुंडाळून खुर्चीत बसायचे. एका रविवारी मी वह्या तपासत शेजारी बसलो होतो. त्यांनी एकदम विचारलं, "गुरुजी, 'मला तिची आठवण येते' याचं इंग्रजी काय होईल?"

मी म्हणालो, "'आय मिस हर', मामा."

त्यांनी ते दोन-तीनदा पुटपुटून बघितलं आणि मान हलवली. "न्हाई. त्याच्यात मी काहीतरी करायलोय असं वाटतं. मी काहीच करीत न्हाई हो. मी आपला इथं बसलेला असतो. ती येते."

मी वही मिटली. सूर्य जरा वर आला होता. त्यांच्या खुर्चीवरचं ऊन सरकलं होतं, म्हणून मी उठून खुर्ची उन्हात ओढून दिली आणि पुन्हा त्यांच्याजवळ बसलो.